चाळिशीनंतरचा नेम

‘चाळिशी’ या आपल्या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा चष्म्याचा. घरातलं कुणी वर्तमानपत्र हात लांब करून वाचू लागलं की आजी हसून म्हणते, “लागली चाळिशी!” मग चष्मा येतो, तो कुठे ठेवला ते विसरायला होतं, आणि आयुष्य पुढे चालू राहतं. वाचणाऱ्याचं काम त्या चष्म्याने भागतं. पण ज्याला पिस्तुलाने नेम धरायचा आहे त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचा हात आधीच पूर्ण लांब झालेला असतो. आणखी लांब करायला हात उरलेला नसतो.

हा लेख अशा नेमबाजांविषयी आहे, पण लिहिला आहे त्यांच्या मुलामुलींसाठी. आपल्या इंदूरसारख्या शहरात आज पुष्कळ घरांतली मुलं शूटिंगला जातात. महू इथून हाकेच्या अंतरावर आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्येच तयार झाले. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये रायफल घेऊन उतरला. त्यामुळे मुलांना हा खेळ परका नाही. पण त्याच रेंजवर पन्नाशीचे बाबा किंवा साठीच्या मावशी पिस्तूल उचलू लागल्या, की घरात पहिलं वाक्य येतं ते असं: “आता या वयात? डोळे तरी साथ देतायत का?” प्रश्न काळजीपोटीच येतो. म्हणून त्याचं उत्तरही नीट, डोळ्यांच्या हिशेबानेच द्यायला हवं.

तीन वस्तू, एक डोळा

ऑलिंपिकमधल्या १० मीटर हवाई पिस्तुलावर दुर्बीण नसते, भिंग नसतं, लाल ठिपका नसतो. नळीच्या मागच्या टोकाला एक चौकोनी खाच आणि पुढच्या टोकाला एक छोटा उभा ठोकळा, एवढंच. या साध्या धातूच्या साइटला ‘आयर्न साइट’ म्हणतात. पुढच्या ठोकळ्याला रेंजवर ‘फ्रंट साइट’ म्हणतात; जुन्या मराठीत त्याला ‘माशी’ असं गोड नाव आहे. नेम धरताना खाच, माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या.

अडचण अशी, की खाच डोळ्यापासून साधारण हातभर, माशी तिच्या पुढे वीतभर आणि लक्ष्य दहा मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. हे घरीच करून बघा. हात सरळ करून अंगठा भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर धरा. अंगठ्याच्या नखाकडे पाहिलंत तर तारखा पुसट होतील. तारखांकडे पाहिलंत तर अंगठा पुसट होईल. तरुणपणी आपल्याला वाटतं की दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. प्रत्यक्षात डोळ्यातलं भिंग इतक्या झटकन आकार बदलत असतं की ही ये-जा जाणवत नाही.

वय वाढतं तसं हे भिंग ताठर होत जातं. त्याची ही जवळ-दूर करण्याची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. विशीत ती दहाच्या आसपास असते, चाळिशीत निम्म्यावर येते, पन्नाशीत दोनच्या आसपास आणि साठीला जेमतेम एक. वर्तमानपत्र चाळीस सेंटिमीटरवर धरून वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. पिस्तुलाची माशी डोळ्यापासून सुमारे ऐंशी सेंटिमीटरवर असते, तिला सव्वा डायॉप्टर पुरतात. म्हणूनच वर्तमानपत्र आधी पुसट होतं आणि माशी त्यानंतर काही वर्षांनी. नेमबाजाला हा बदल आधी दिसण्यातून कळतच नाही, गुणांतून कळतो. पहिल्या वीस गोळ्या उत्तम जातात. चाळिसाव्या गोळीनंतर माशीच्या कडा विरघळू लागतात, कारण ताणलेलं भिंग दमलेलं असतं.

अर्जुनाचं उत्तर इथे चालत नाही

मग आता तिघांपैकी काय स्पष्ट दिसायला हवं? आपण सगळे द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट ऐकत मोठे झालो. अर्जुनाला झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, दिसतो तो फक्त पक्ष्याचा डोळा. खेळाचं मैदान असो की दहावीची परीक्षा, आपण मुलांना हीच गोष्ट सांगतो. पण आयर्न साइटच्या पिस्तुलाला अर्जुनाचं उत्तर चालत नाही. इथे लक्ष्य पुसट राहू द्यायचं आणि माशी लख्ख पाहायची.

यामागे साधं गणित आहे. समजा, खाच आणि माशी यांच्यात पस्तीस सेंटिमीटर अंतर आहे. दोन्ही अगदी बरोबर जुळलेली असताना सगळा हात एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर गोळीही लक्ष्यावर एक मिलिमीटरच सरकेल. हवाई पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं; म्हणजे दहा गुण शाबूत. पण हात स्थिर असूनही माशी खाचेत एकच मिलिमीटर बाजूला राहिली, तर दहा मीटरवर ती चूक सुमारे अठ्ठावीस पटीने वाढते. गोळी केंद्रापासून जवळपास तीन सेंटिमीटर दूर जाते आणि दहाचा सात होतो.

म्हणजे हाताच्या थोड्या थरथरीपेक्षा माशी आणि खाच यांची फारकत कितीतरी महाग पडते. आणि लक्ष्य पुसट असलं तरी बिघडत नाही, कारण पुसट काळा गोल सगळ्या बाजूंनी सारखाच पुसट असतो. त्याचा मध्य मनाला बरोबर सापडतो. अनेक पिस्तूल नेमबाज तर काळ्या गोलाच्या मध्यावर नेम धरतच नाहीत. त्याच्या खाली थोडी पांढरी जागा सोडून तिथे माशी स्थिरावतात आणि साइट त्याप्रमाणे लावून घेतात.

उतारवयातल्या नेमबाजाला दिलासा देणारी गोष्ट हीच आहे. तिन्ही गोष्टी स्पष्ट पाहण्याची गरज कुणालाच नव्हती, विशीतही नव्हती. वय फक्त निवड करायला भाग पाडतं. तरुण डोळा ‘हेही पाहतो आणि तेही पाहतो’ म्हणत भटकू शकतो. प्रौढ डोळ्याला ती चैन नाही. त्याने योग्य गोष्ट निवडली, तर तो खेळात टिकतो.

चष्मेवाल्याकडे जाताना टेप घेऊन जा

निवड केली तरी माशी स्पष्ट दिसायला मदत लागतेच. नियमांप्रमाणे पिस्तुलावर भिंग लावता येत नाही, पण खेळाडूला चष्मा घालता येतो. इथे घरोघरी एक गडबड होते. बाबा वाचायचा चष्मा घालून रेंजवर जातात. वाचायचा दोन नंबरचा चष्मा पन्नास सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवतो. त्यातून माशीही पुसट आणि लक्ष्य तर धुक्यात. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वेगळाच त्रास होतो. जवळचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असल्यामुळे मान मागे टाकावी लागते, आणि अर्ध्या तासात मान धरते.

उपाय अवघड नाही. नेहमीच्या पवित्र्यात उभं राहायचं आणि घरातल्या कुणीतरी डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. हा आकडा घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. (पिस्तूल मात्र दवाखान्यात न्यायचं नाही, हे सांगायला नको.) दूरचा नंबर नीट तपासून झाला की त्यात थोडी अधिक भर घालून एकाच नंबरची काच करून घ्यायची. ऐंशी सेंटिमीटरवरच्या माशीसाठी सव्वाची पूर्ण भर घातली तर माशी कोरल्यासारखी दिसेल, पण लक्ष्य फारच विरघळेल. म्हणून बरेच जण निम्म्याच्या आसपास, म्हणजे +०.५० किंवा +०.७५ पासून सुरुवात करतात आणि तपासणीच्या चौकटीत भिंगं बदलून पाहतात. माशीच्या कडा स्वच्छ आणि काळा गोल ओळखू येण्याइतका गोल, हे साधलं की काम झालं.

दुसरा मित्र म्हणजे बारीक छिद्र. जाड कागदाला सुईने भोक पाडा आणि चष्मा काढून त्यातून वर्तमानपत्र पाहा. अक्षरं थोडी अंधारी, पण स्पष्ट दिसतील. बारीक छिद्रातून येणारी किरणं कमी पसरतात, त्यामुळे जवळचं आणि दूरचं दोन्ही बऱ्यापैकी नीट दिसतं. रायफलच्या मागच्या साइटला असंच छिद्र असतं. म्हणून साठीतल्या डोळ्याला रायफल पिस्तुलापेक्षा सोपी वाटू शकते. पिस्तूलवाले हेच छिद्र चष्म्याच्या काचेपुढे लावतात. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून छिद्र अति बारीक करून चालत नाही, आणि रेंजवरचा उजेड चांगला हवा.

दुसरा डोळा जोराने मिटून नेम धरायची सवयही सोडून द्यावी. एक डोळा मिटला की दुसऱ्याच्या स्नायूंवरही ताण येतो. त्याऐवजी चष्म्याच्या त्या बाजूला अर्धपारदर्शक पट्टी लावली की दोन्ही डोळे उघडे राहतात आणि चेहरा सैल राहतो.

पाठ, खांदा आणि औषधाची डबी

डोळ्यांनंतर शरीर. रायफल डोळ्याला सोपी, पण पाठीला कठीण. स्पर्धेच्या हवाई रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं आणि उभ्याने खेळताना कंबर एका बाजूला वळवून, मागे झुकवून तासभर धरावी लागते. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत असतं, पण ते सरळ हाताच्या टोकाशी असतं. स्पर्धेत साठ गोळ्यांसाठी पंचाहत्तर मिनिटं मिळतात. सरावात उचललेले हात त्याहून जास्त असतात.

इथेही वयाला जमणारा मार्ग आहे. रोज शंभर गोळ्या झाडण्यापेक्षा तीस झाडाव्यात, पण प्रत्येक गोळीमागे हात खाली घेऊन विश्रांती घ्यावी. नेम धरल्यावर सात-आठ सेकंदांत चाप सुटला नाही, तर तो नेम मोडावा. श्वास रोखून जास्त वेळ थांबलं की डोळ्यासमोरचं चित्र बिघडतं आणि हात अधिक हलतो. धरलेला नेम मोडता येणं ही या खेळातली मोठी कला आहे, आणि ती तरुणांना उशिरा येते. हात पूर्ण स्थिर कुणाचाच नसतो. माशी काळ्या गोलाखाली थोडी डोलते, तिला डोलू द्यावं आणि चाप हळूच, न दचकता दाबत राहावा. ‘आत्ता अगदी मधोमध आली’ म्हणून खसकन चाप ओढला की सगळं बिघडतं. शिवाय गोळी न घालता, क्लबच्या सुरक्षेच्या नियमांत राहून केलेला कोरडा सराव खांद्याला आणि खिशाला दोघांनाही परवडतो.

घरच्यांनी आवर्जून लक्ष घालावं अशी एक गोष्ट औषधाच्या डबीत असते. रक्तदाब, हृदयाचे ठोके किंवा हाताची थरथर यासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधं ‘बीटा ब्लॉकर’ गटातली आहेत. ती ठोके मंद करतात आणि हात स्थिर करतात. त्यामुळे जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार नेमबाजीत या गटावर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. याचा अर्थ खेळासाठी औषध बंद करा, असा मुळीच नाही. डॉक्टरांना न विचारता असं औषध थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं. अर्थ एवढाच, की स्पर्धेत उतरायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, पर्यायी औषध चालेल का ते विचारायचं, आणि नसेल तर वैद्यकीय सवलतीचे नियम समजून घ्यायचे. सवलत मिळाली नाही तर स्पर्धा सोडायची, औषध नाही. क्लबमधल्या आनंदाच्या खेळाला पदकाची गरज नसते.

मधुमेह असेल तर साखर वरखाली झाल्याने चष्म्याचा नंबरही तात्पुरता बदलतो, हेही लक्षात ठेवावं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण नेमबाजी करतो हे डॉक्टरांना लेन्स निवडण्याआधीच सांगावं. आत बसवलेली साधी लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. ते अंतर कोणतं, हे आधी ठरवता येतं. अचानक डोळ्यासमोर काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर रेंज विसरून त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा.

वयाची उदाहरणं

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३० जुलै २०२४ रोजी मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी १० मीटर हवाई पिस्तूल मिश्र गटात कांस्यपदक जिंकलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या तुर्की जोडीतले युसूफ डिकेच तेव्हा ५१ वर्षांचे होते. एक हात खिशात, साधा चष्मा आणि दोन्ही डोळे उघडे, असा त्यांचा फोटो जगभर फिरला. लोकांना ती ऐट वाटली. पण त्या फोटोत दिसत होता तो अनेक वर्षांच्या सरावाने आलेला सैलपणा. त्यांचं पहिलं ऑलिंपिक २००८ सालचं.

त्याच पॅरिसमध्ये जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झे ५५ व्या वर्षी आपलं सलग दहावं ऑलिंपिक खेळत होत्या. त्यांचं ऑलिंपिक सुवर्ण १९८८ सालच्या सोलमधलं. २०१६ मध्ये रिओला त्या आपल्या मुलाबरोबर खेळल्या. आई आणि मुलगा एकाच ऑलिंपिकमध्ये. त्याही आधी स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९१२ मध्ये ६४ व्या वर्षी सांघिक सुवर्ण आणि १९२० मध्ये ७२ व्या वर्षी रौप्यपदक मिळवलं. त्या संघांत त्यांचा मुलगा आल्फ्रेडही होता.

आपल्याकडे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. पण ऑलिंपिकचं दार त्यांच्यासाठी उघडलं ते टोकियोत, वयाच्या चाळिशीत. उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर तर साठी ओलांडल्यावर, नातीला रेंजवर सोबत म्हणून गेल्या होत्या. तिथे त्यांनी पिस्तूल हातात घेतलं आणि पुढे ज्येष्ठांच्या स्पर्धांमध्ये पदकं मिळवली. त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमरही खेळू लागल्या. या दोघींवर २०१९ मध्ये चित्रपटही निघाला. चंद्रो तोमर २०२१ मध्ये गेल्या, तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या.

या सगळ्या गोष्टींत एक धागा आहे. घरातलं कुणीतरी सोबत होतं. मुलगा, नात, जाऊ. ज्येष्ठ खेळाडू एकटा टिकतो क्वचितच.

घरच्यांचं काम

म्हणून शेवटी तुमच्याशी, म्हणजे घरातल्या तरुण मंडळींशी बोलायचं आहे. शनिवारी तुम्ही रेंजवर सराव करत असता तेव्हा आई किंवा बाबा बाहेरच्या बाकावर तास-दीड तास मोबाइल बघत बसलेले असतात. एकदा प्रशिक्षकांना विचारून त्यांना आत बोलवा. नियम आधी समजावून सांगा: नळी कायम लक्ष्याच्या दिशेने, बोट चापाबाहेर, सूचना मिळाल्याशिवाय पिस्तूल उचलायचं नाही, छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. मग त्यांना पाच गोळ्या झाडू द्या.

ज्यांच्या घरी आधीपासून कुणी खेळतं आणि अलीकडे त्यांचे गुण घसरलेत, त्यांनी “आता पुरे” म्हणण्याआधी टेप काढावा, अंतर मोजावं आणि त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्यावं. पुष्कळदा घसरलेले दहा-पंधरा गुण पाऊण नंबरच्या काचेत परत मिळतात. आणि कधी असंही होईल, की हात किंवा डोळे खरोखर सुरक्षिततेच्या मर्यादेपलीकडे गेले आहेत. सूचना ऐकू येत नाहीत, नळीची दिशा सांभाळली जात नाही. तेव्हा ते स्पष्ट, पण मानाने सांगणं हेही घरच्यांचंच काम आहे. वयाचा आकडा हे कारण नसावं. प्रत्यक्ष काय जमत नाही, ते कारण असावं. तेव्हाही त्यांना रेंजपासून तोडू नका. गुण नोंदवणं, नवख्यांना पवित्रा शिकवणं, नेम मोडायला शिकवणं, ही कामं त्यांच्याइतकी चांगली कुणी करणार नाही.

जुन्या मराठीत नेम धरण्याला ‘शिस्त धरणे’ असंही म्हणत. वागण्यातली शिस्त आणि बंदुकीची शिस्त हा एकच शब्द. सगळं एकदम स्पष्ट पाहायचा हट्ट सोडायचा, जे हाताशी आहे ते नीट पाहायचं आणि दूरचं थोडं पुसट राहिलं तरी घाबरायचं नाही. चाळिशी लागलेल्या नेमबाजाला एवढी शिस्त पुरते. पुढच्या शनिवारी बाकावर बसलेल्यांना आत नेलंत, तर ती तुम्हालाही त्यांच्याकडून शिकता येईल.